तुम्ही काम काय करता?

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की आधी कुंभारी येते आणि पुढे वळसंग. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव अनेकांना माहीत आहे ते तिथल्या विहिरीमुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली इथे आले होते आणि त्यांच्या हस्ते ती विहीर सुरू झाली. आम्ही गेलो होतो ते मात्र एका शिक्षकमित्राकडे, सहज. फेब्रुवारीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी काढणीला आलेली. संध्याकाळी ओसरीवर बसलो असताना शेजारच्या मावशी एक घडी घातलेला कागद घेऊन आल्या. शहरातून आलेली शिकलेली माणसे आहेत, कागद वाचून सांगतील, एवढीच त्यांची अपेक्षा.

मावशींची पाठ दोन वर्षांपासून दुखत होती. शहरात जाऊन त्यांनी फिजिओथेरपी, म्हणजे भौतिकोपचार, करून घेतला होता. कागदावर सहा व्यायामांची चित्रे होती. त्यांतले पाच जमिनीवर पाठीवर किंवा पोटावर पडून करायचे, एक उभ्याने. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीनदा. खाली सूचना होत्या: पुढे वाकू नका, जड उचलू नका, खाली बसून काम करू नका.

आम्ही वाचून दाखवले. मावशी हसल्या. म्हणाल्या, “वाकू नका म्हणलं त्येनी. मग जुंधळा काय उभ्यानं उपटावं व्हय?”

ज्यांनी सोलापूरकडची ज्वारीची काढणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. इथली रब्बीची मालदांडी ज्वारी पुष्कळ ठिकाणी विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात. बाया आणि गडी एकेक पात धरतात, कमरेत वाकतात, दोन्ही हातांनी ताटे धरून हिसका देतात आणि पुढे सरकतात. काळी जमीन वाळून घट्ट झालेली असते. असा हिसका दिवसभरात किती वेळा द्यावा लागतो हे आम्ही मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

आता, तो कागद चुकीचा होता का? मुळीच नाही. व्यायाम योग्य होते, सूचना शास्त्राला धरून होत्या. मावशींना तपासणाऱ्याने बराच वेळ दिला होता. कुठे दुखते, कधीपासून, पायात मुंग्या येतात का, रात्री झोप लागते का, सगळे विचारले होते. फक्त एक प्रश्न विचारला नव्हता. तो प्रश्न फार जुना आहे, आणि वैद्यकाच्या इतिहासात तो अनेकदा शिकला गेला आणि अनेकदा विसरला गेला. त्याची ही गोष्ट.

सुरुवात इटलीतल्या मोदेना या गावी होते. तिथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य आणि प्राध्यापक राहत असे. जन्म १६३३ सालचा, जवळच्याच कार्पीचा. मोदेनात घरे दाटीवाटीची आणि उंच होती. घराघरांतले मैलापाणी जमिनीखालच्या कुंडांत साठे आणि ठरावीक वर्षांनी माणसे आत उतरून ती साफ करत. रामाझ्झिनीच्या स्वतःच्या घरी हे काम चालू असताना त्याने पाहिले, की एक मजूर जिवाच्या आकांताने घाई करतो आहे. त्याने विचारले, अरे, एवढी धावपळ कशासाठी, जरा दमाने घे. मजुराने वर पाहिले आणि सांगितले, की या जागी चार तासांहून जास्त थांबणे म्हणजे काय असते ते इथे उतरल्याशिवाय कुणाला कळायचे नाही. आंधळे होण्याचीच गत आहे ती. तो वर आल्यावर रामाझ्झिनीने त्याचे डोळे तपासले. ते लाल झाले होते, नजर मंद झाली होती. गावात चौकशी केली तेव्हा हेच काम केलेले आणि आता भीक मागत फिरणारे अंध, अर्धअंध लोक त्याला भेटले.

या भेटीतून रामाझ्झिनी कारागिरांच्या मागे लागला. तो कुंभारांकडे, आरसे करणाऱ्यांकडे, तंबाखू दळणाऱ्यांकडे, विणकर बायांकडे, शिंप्या-चांभारांकडे गेला. कामाच्या जागी उभा राहून पाहिले, विचारले, लिहून ठेवले. १७०० साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. नाव लॅटिनमध्ये; अर्थ, कारागिरांच्या रोगांविषयी. त्याच वर्षी तो पादुआच्या विद्यापीठात गेला. १७१३ मध्ये त्याने पुस्तकात आणखी बऱ्याच व्यवसायांची भर घातली आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

पुस्तकातला एक परिच्छेद आम्हाला फार आवडतो. रामाझ्झिनी तरुण वैद्यांना सांगतो, की गरिबाच्या घरी गेलात तर लगेच नाडी धरू नका. आधी बसा. बसायला लाकडी तिपाई मिळाली तरी ती सोन्याची खुर्ची असल्यासारखे बसा आणि प्रसन्न चेहऱ्याने विचारा. हिप्पोक्रॅटिसने रोग्याला कोणते प्रश्न विचारावेत हे सांगून ठेवले आहेच. त्यांत माझा एक प्रश्न घाला: तुम्ही काम काय करता?

तिपाईचा मुद्दा आम्हाला प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो. उभ्याउभ्या विचारले तर उत्तर ‘मजुरी’ एवढेच मिळते.

शिंपी आणि चांभार यांच्याबद्दल रामाझ्झिनीने लिहिले आहे, की त्यांच्या संघांची मिरवणूक निघते तेव्हा पाठीत वाकलेली, लंगडत चालणारी माणसांची रांग पाहून लोकांना हसू येते. दिवसभर एक पाय मुडपून, पुढे झुकून बसल्याचा तो परिणाम. त्यांना त्याचा सल्ला काय? निदान सुट्टीच्या दिवशी तरी अंग हलवा, अनेक दिवसांच्या बसण्याचे थोडे नुकसान एका दिवसात भरून काढा. काम सोडा असे तो म्हणत नाही. काम सोडले तर ते खातील काय, हे त्याला ठाऊक होते.

कारकुनांवरचे प्रकरण तर आजही जसेच्या तसे शिकवावे असे आहे. लिहिणाऱ्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली: सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड होणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. त्या माणसाने जिद्दीने डाव्या हाताने लिहायचा सराव केला. काही काळाने डाव्या हातालाही तेच दुखणे लागले. हात बदलला, काम तेच राहिले. प्रयोगशाळेत मुद्दाम आखावा तसा हा प्रयोग आयुष्यानेच केला होता.

यानंतरची शंभर वर्षे पटकन ओलांडू. स्टॉकहोममध्ये १८१३ साली पेर हेन्रिक लिंग या तलवारबाजीच्या शिक्षकाने व्यायामविद्येची मोठी संस्था सुरू केली. आजाऱ्यांसाठी ठरवून दिलेल्या हालचाली, हा तिथल्या शिक्षणाचा एक भाग होता आणि आजच्या भौतिकोपचाराचे एक मूळ तिथे सापडते. लंडनमध्ये १८९४ साली प्रशिक्षित मालिश करणाऱ्या परिचारिकांनी आपली संघटना बांधली. पुढे पहिले महायुद्ध आले, हजारो तरुण जखमी होऊन परतले आणि त्यांना पुन्हा चालते-फिरते करण्याची गरज पडली. या गरजेतून भौतिकोपचार हा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. सांध्याचा कोन अंशांत मोजायचा, स्नायूच्या ताकदीला शून्य ते पाच गुण द्यायचे, अशा नेमक्या पद्धती बसल्या. शास्त्र म्हणून ही मोठीच प्रगती होती.

पण यात एक गंमत झाली. मोजमापे जितकी नेमकी झाली तितका रोगी तपासणीच्या पलंगावर खिळला. पलंगावर पडलेल्या माणसाचा गुडघा किती वाकतो हे कळते. तो गुडघा रोज कशासाठी आणि किती वेळा वाकतो, हे पलंगावर कळत नाही. रामाझ्झिनी कामाच्या जागी जात असे. आता रोगी दवाखान्यात येऊ लागला, आणि येताना काम बाहेर ठेवून येऊ लागला.

काम पुन्हा आत आले ते तारेच्या निमित्ताने. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली, त्यामुळे आजच्या विद्यार्थ्यांना ‘कडकट्ट’ ऐकवायचे तर गोष्टच सांगावी लागते. एकाच किल्लीवर मनगटाने दिवसभर टकटक करणाऱ्या तारवाल्यांचे हात आखडू लागले. दुसरे काम करताना हात बरा, किल्लीला बोट लावले की आखडलाच. ब्रिटनमध्ये १९०८ साली हे दुखणे कामामुळे होणाऱ्या आणि भरपाईस पात्र रोगांच्या यादीत घेतले गेले. आणि मग वाद पेटला. टपाल खात्याने नेमलेल्या समितीने १९११ मध्ये अहवाल दिला, की याची कारणे दोन: एक, हालचालींचा वारंवार होणारा थकवा, दुसरे, त्या माणसाच्या मज्जासंस्थेचा मुळातला अस्थिरपणा. दुसऱ्या कारणाचा अर्थ सोपा आहे. तार ठीक आहे, किल्ली ठीक आहे, माणूसच नाजूक आहे.

गेली शंभर वर्षे हा वाद निरनिराळ्या कपड्यांत पुन्हा पुन्हा येतो. “तुमचे स्नायूच अशक्त आहेत” हे वाक्य खरे असू शकते, आणि तरीही ते अर्धेच सत्य असू शकते.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली एक वेगळे शिक्षण सुरू झाले: व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन, माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेमुळे आपल्या शिक्षकवाचकांना हे नाव परिचयाचे असेल. पुढच्या काही वर्षांतच, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, त्याच रुग्णालयात भौतिकोपचाराचेही शिक्षण सुरू झाले. त्यामागे पोलिओच्या साथींचा मोठा रेटा होता.

आमचा एक अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच घ्यावा. या विद्यांचे आपल्याकडचे सुरुवातीचे बरेचसे रोगी पोलिओची मुले होती. मुलाला कोण विचारणार, तू काम काय करतोस? त्याला उभे करणे, चालवणे, शाळेत पाठवणे हेच ध्येय, आणि ते योग्यच होते. पण प्रश्नपत्रिका त्या काळात छापली गेली आणि पुढे मोठी माणसे आली तरी तीच राहिली.

दुसरीकडे, कामाचा विचार कायद्याच्या बाजूने होत होता. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सरकारला दिला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. वळसंगच्या विहिरीवर आलेले डॉ. आंबेडकर त्या सुमारास व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. हे सगळे घडले ते कारखान्यासाठी. ज्वारीच्या पातीला भोंगा नसतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांची अनुसूची होती. तीत शिशाची विषबाधा होती, दगडाच्या भुकटीने होणारा सिलिकोसिस होता, कापसाच्या तंतूंनी होणारा फुप्फुसाचा विकार होता. झिजलेली पाठ, धरलेली मान, सुजलेले मनगट मात्र नव्हते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० सालच्या यादीत स्नायू आणि सांध्यांच्या अशा विकारांचा स्वतंत्र गट आहे.

सोलापूर या बाबतीत शिकण्यासारखी जागा आहे. इथली जुनी गिरणी १८७७ सालची. गिरण्यांबरोबर तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने आले, शहराचा पूर्वभाग त्यांचा झाला. हातमाग आले, यंत्रमाग आले, चादरी आणि टॉवेल जगभर गेले. आणि त्याच घरांतल्या हजारो बायका बिड्या वळू लागल्या. वळसंगच्या अलीकडची कुंभारी आठवा. तिथे गोदावरी परुळेकरांच्या नावाने बिडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. २००६ साली ती कामगारांच्या हाती दिली गेली.

बिडी वळणाऱ्या बाईकडे रामाझ्झिनीसारखे, तिपाईवर बसून पाहू या. ती जमिनीवर मांडी घालून बसते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून मऊ केलेला तेंदूपत्ता. पत्र्याचा नमुना ठेवून पान कात्रीने कापायचे, तंबाखू भरायची, बोटांनी वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. नजर सुपात, म्हणून मान पुढे झुकलेली. मजुरी हजारावर मिळते, आणि त्यातूनही वाईट ठरलेल्या बिड्या छाट म्हणून बाजूला पडतात.

वर्गात हे गणित घाला. आठ तासांत हजार बिड्या वळायच्या तर एका बिडीला किती वेळ? आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद. भागिले हजार, २८.८ सेकंद. अर्ध्या मिनिटाहून कमी वेळात वरची सगळी कामे. आता समजा, मान दुखते म्हणून फिजिओथेरपिस्टने सांगितले, की दर तासाला उठा, पाच मिनिटे मान आणि खांदे हलवा. सल्ला अगदी रास्त आहे. आठ तासांत चाळीस मिनिटे गेली. चाळीस मिनिटांत बिड्या होतात ८३. म्हणजे या व्यायामाची किंमत रोजच्या मजुरीचा बारावा हिस्सा. दवाखान्यात फी एकदा द्यायची असते. ही फी रोज द्यायची. अशी बाई व्यायाम करत नाही तेव्हा तिच्या कागदावर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असा शेरा पडू शकतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी संगणकावर आकडे भरणाऱ्यांना नेहमीच्या सुट्टीखेरीज पाच-पाच मिनिटांच्या जादा विश्रांती देऊन पाहिल्या. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुखणे कमी झाले आणि काम घटले नाही. म्हणजे थकलेला हात हळू चालतो आणि विश्रांती घेतलेला हात ती तूट भरून काढतो, असे होऊ शकते. पण ते खुर्चीवरचे, पगारी काम होते. ‘होऊ शकते’ यावर स्वतःची मजुरी पणाला लावायला सांगताना, ती मजुरी कशी ठरते हे निदान विचारलेले असावे.

विज्ञानाच्या शिक्षकांसाठी मावशींच्या पाठीचेही एक गणित आहे. माणूस कमरेत काटकोनात वाकला की पाठीचा कणा तरफेसारखा होतो. टेकू कमरेच्या खालच्या मणक्यांशी. ५५ किलो वजनाच्या बाईचा कमरेवरचा भाग साधारण ३० किलो धरा, आणि त्याचा गुरुत्वमध्य टेकूपासून ३० सेंटिमीटरवर. हा भार तोलून धरणारे पाठीचे स्नायू टेकूपासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर. तरफेच्या नियमाने स्नायूंना ओढ लावावी लागते १८० किलो भाराएवढी. हे नुसते वाकल्यावर. आता ताटे वर उपटताना न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने ताटे बाईला खाली ओढतात, आणि तेही टेकूपासून हातभर लांब. जमीन किती वाळली आहे यावर हा आकडा आणखी किती चढेल ते अवलंबून. विद्यार्थ्यांना हे अंगावर पाहायचे असेल तर एक लिटर पाण्याची बाटली छातीशी धरायला सांगा आणि मग हात लांब करून तीच बाटली दोन मिनिटे धरायला सांगा. बाटली तीच, वजन तेच.

गणित कळले की सल्लाही बदलतो. ‘वाकू नका’ हे मावशींना अशक्य आहे. पण सलग वाकू नका, हे कदाचित शक्य आहे. काढणीत नुसते उपटणे नसते; पेंढ्या बांधणे असते, कणसे मोडणे असते. टोळीतल्या टोळीत कामांची पाळी लावली तर एकाच पाठीवर सगळे हिसके पडत नाहीत. काढणी रोजाने आहे की उक्त्याने, यावर हे जमेल की नाही ते ठरते. उक्ते असेल तर पूर्ण टोळीचे पैसे वेगावर अवलंबून, आणि मग हळू चालणारीला टोळीत कोण घेणार, ही भीती. ही भीतीही दुखण्याचाच भाग आहे, हे वैद्यकाला उशिरा कळले.

न्यूझीलंडमध्ये १९९७ साली पाठदुखीसाठी एक मार्गदर्शिका निघाली. तिच्यात ‘पिवळी निशाणे’ ही कल्पना मांडली होती: पाठदुखी लांबण्याचा इशारा देणाऱ्या, मनाशी आणि समजुतींशी निगडित गोष्टी. कामाशी निगडित गोष्टी पुढे त्यातून वेगळ्या काढल्या गेल्या. निळी निशाणे म्हणजे रोग्याला आपले काम कसे वाटते: झेपते का, मुकादम समजून घेतो का, परत गेलो तर पुन्हा दुखेल असे वाटते का. काळी निशाणे म्हणजे प्रत्यक्ष परिस्थिती: मजुरीची पद्धत, कामाचे तास, रजा आणि भरपाईचे नियम. पिवळ्यावर आणि निळ्यावर फिजिओथेरपिस्ट बोलून काही करू शकतो. काळ्यावर त्याचा एकट्याचा इलाज चालत नाही. पण काळे निशाण आहे हे लिहून तरी ठेवता येते. तारवाल्यांचा आजार यादीत आला तो अशाच नोंदी साठल्यावर.

हे सगळे पाठ्यपुस्तकांत आले, तरी विचारले जातेच असे नाही. नेदरलँड्ससारख्या देशात, जिथे कामगारांच्या आरोग्याची व्यवस्था आपल्यापेक्षा कितीतरी बळकट आहे, तिथेही फिजिओथेरपिस्टांच्या पाहण्यांत हेच दिसले, की कामाचा संबंध त्यांना मान्य असतो पण तपासणीत तो नेमाने येत नाही. वेळ नसतो, त्याचे शिक्षण पुरेसे मिळालेले नसते, आणि मालकाशी बोलायचे कसे हे ठाऊक नसते. आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागातल्या रांगा पाहिलेल्या माणसाला वेळेच्या तक्रारीवर हसू येणार नाही. दोष एका कुणाचा नाही. शिवाय आपल्याकडे एक जास्तीची अडचण आहे. बाईला ‘काम काय करता’ विचारले तर उत्तर पुष्कळदा ‘काही नाही, घरीच असते’ असे येते, आणि घरीच असणे म्हणजे हजार बिड्या, दोन वेळचा स्वयंपाक आणि पाणी भरणे असू शकते. म्हणून आमच्या मते प्रश्न थोडा बदलून विचारावा: काल सकाळी उठल्यापासून काय काय केले, ते सांगा. आणि जमले तर: करून दाखवा.

वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांकडून हा उपक्रम करून घेता येईल. घरातल्या किंवा शेजारच्या एका कष्टकरी माणसाचे काम अर्धा तास बसून पाहायचे. मान किती वेळ वाकलेली, तीच हालचाल मिनिटाला किती वेळा, हात खांद्याच्या वर किती वेळा जातो, मध्ये थांबता येते का, थांबले तर काय बुडते. कोनमापक दप्तरात असतोच. शेवटचे दोन प्रश्न मात्र कोनमापकाने सुटत नाहीत. ते तिपाईवर बसूनच विचारावे लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मित्राबरोबर मावशींच्या शिवाराकडे गेलो. सात-आठ जणी पाती धरून चालल्या होत्या. पातीचे टोक आले की मावशी सरळ होत, दोन्ही तळवे कमरेवर ठेवत आणि पाच-सहा वेळा सावकाश मागे झुकत, मग पुढची पात धरत. आम्ही ओळखले, कागदावरचा तो सहावा, उभ्याने करायचा व्यायाम. बाकीचे पाच का नाही करत, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “रानात कुटं पडावं, बाबा? ह्यो एकच उभ्यानं हुतंय.” त्यांचे पाहून शेजारच्या पातीवरची बाईही आता टोकाला तेच करू लागली होती.